लेकीच्या कुल्ह्यावरची 'चामखीळ' : त्वचेतल्या चरबीच्या दुर्मिळ गाठी आणि त्यांचं निदान

कृष्णाकाठची

लेकीला विचारून या मंचावर लिहितेय. ती म्हणाली, "लिही, फक्त माझं नाव नको." त्यामुळे नाव-गाव काही येणार नाही, बाकी सगळं जसं घडलं तसं.

ती आठ वर्षांची असताना न्हाऊ घालताना पहिल्यांदा दिसलं. डाव्या कुल्ह्यावर, वरच्या अंगाला, तीन-चार मऊ दाणे. रंग कातडीचाच, जरासा पिवळट. दाबले की लोण्यासारखे दबायचे. सासूबाई म्हणाल्या चामखीळ आहे, घोड्याच्या शेपटीचा केस बांध, गळून पडेल. त्यातल्या एकाला देठ होता म्हणून त्याला बांधलाही. तो काळा पडून गळला, आणि आम्हाला वाटलं झालं काम. बाकीचे चपटे होते, त्यांना बांधणार कुठे?

तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत ते पंधरा-सोळा झाले. एकमेकांना चिकटून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दिसायचे. कुल्ह्यापासून कमरेकडे तिरका, चार बोटं रुंद पट्टाच तयार झाला. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. पण शाळेच्या बाकावर तासन्‌तास बसून वरचे एक-दोन घासले जायचे आणि स्कर्टला रक्ताचा डाग पडायचा. त्या वयात स्कर्टला डाग म्हणजे काय, हे इथल्या बायकांना सांगायला नको.

सोळाव्या वर्षी एका दवाखान्यात नेलं. "चामखीळच आहेत, जाळून टाकू." वीस मिनिटांत अकरा दाणे जाळले. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी विचारलं, तपासायला काही पाठवायचं का? उत्तर आलं, चामखीळ कोण तपासायला पाठवतं. मी गप्प बसले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते माझं ते गप्प बसणं.

दीड वर्षात जळलेल्या व्रणांच्या कडेने पुन्हा तेच दाणे. मुलीने पोहणं सोडलं. हॉस्टेलमध्ये खोलीत कुणी नसताना कपडे बदलायची, हे मला खूप उशिरा कळलं.

या वर्षी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवलं. तिथल्या मॅडमनी तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. बोटांच्या चिमटीत धरून पाहिलं. कधीपासून, दुसऱ्या बाजूला आहे का, घरात कुणाला आहे का, एवढंच विचारलं. मग पाठ, पोट, काखा सगळीकडे तपकिरी डाग शोधले आणि पाठीच्या कण्यावरून खालपर्यंत बोट फिरवलं. म्हणाल्या, "ही चामखीळ वाटत नाही. एक तुकडा काढून बघू." जागा बधिर करून ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा काढला, दोन टाके घातले. बाटलीत टाकल्यावर तो तुकडा तळाला गेलाच नाही, पाण्यात तिरका तरंगत राहिला. मी ते बघतच बसले.

रिपोर्टवर आलं : नीव्हस लायपोमॅटोसस क्युटेनियस सुपरफिशियालिस. त्या रात्री फोनवर शोधताना 'ट्यूमर' हा शब्द दिसला आणि मी सकाळपर्यंत जागी होते. मॅडमनी दुसऱ्या दिवशी नीट समजावलं, पण तेव्हा निम्मं डोक्यात शिरलं, निम्मं वाहून गेलं. इथे जाणकार आहेत, म्हणून विचारतेय. हे नेमकं काय असतं, एवढी वर्षं कुणाला कळलं कसं नाही, आणि आता काढावं की राहू द्यावं?

पारिजात_०७

ताई, वाचलं. मुलीला शाबासकी द्या, हे लिहू देण्याला धीर लागतो.

त्वचावैद्य

कृष्णाकाठची ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. ही गाठ कर्करोग नाही आणि पुढे कर्करोगात बदलत नाही. 'ट्यूमर' म्हणजे वाढ, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. साधा चरबीचा गोळाही वैद्यकीय भाषेत ट्यूमरच.

आता नाव सोडवू. नीव्हस म्हणजे त्वचेच्या घडणीतच राहून गेलेला वेगळेपणा, जन्मखुणेच्या जातीचा. लायपोमॅटोसस म्हणजे चरबीचा. क्युटेनियस सुपरफिशियालिस म्हणजे त्वचेतला, वरवरचा. त्वचेला बाहेरून आत असे थर असतात : वरची पातळ बाह्यत्वचा, तिच्याखाली दोऱ्यांनी विणल्यासारखी घट्ट अंतस्त्वचा, आणि त्याखाली चरबीची गादी. चरबीची जागा त्या गादीत. या विकारात चरबीच्या पेशी वरच्या विणीत, म्हणजे अंतस्त्वचेत, घर करून बसतात. नेहमीची चरबीची गाठ, जिला आपण लायपोमा म्हणतो, ती खालच्या गादीत असते, गोल असते आणि बोटाने ढकलली की कातडीखाली निसटते. तुमच्या मुलीचे दाणे कातडीबरोबरच हलत असणार, कारण ते कातडीतच आहेत.

याचे दोन प्रकार. तुम्ही वर्णन केलाय तो मूळ प्रकार : अनेक दाणे, घोळक्याने, बहुतेक वेळा कंबर, कुल्हा किंवा मांडीच्या वरच्या भागात, शरीराच्या एकाच बाजूला. पट्टा मध्यरेषेपाशी येऊन थांबतो. जन्मापासून असतो किंवा वयाच्या पहिल्या वीसेक वर्षांत दिसू लागतो. दाण्यांचा पृष्ठभाग कधी गुळगुळीत, कधी मेंदूच्या वळ्यांसारखा, आणि कधी त्यावर काळ्या डोक्याच्या पुळ्यांसारखी बुजलेली छिद्रं असतात. दुसरा प्रकार एकुलत्या दाण्याचा. तो वयाची विशी उलटल्यावर येतो, अंगावर कुठेही येतो, आणि लोंबणाऱ्या मसासारखा दिसत असल्याने जवळजवळ नेहमीच मस म्हणून कापला जातो.

चुकतं कुठे, ते सांगतो, आणि यात मी माझ्या व्यवसायबंधूंची बाजू घेणार नाही. चामखीळ विषाणूमुळे होते. ती खरखरीत असते, टणक असते, बारकाईने पाहिलं तर तिच्यात काळे ठिपके दिसतात, आणि ती कुठेही, कशीही पसरते. मऊ, पिवळट, एकाच बाजूला पट्ट्याने वसलेले आणि लहानपणापासूनचे दाणे चामखीळ असणं कठीण. हे ओळखायला यंत्र लागत नाही. उजेड लागतो आणि 'कधीपासून' हा प्रश्न लागतो.

मॅडमनी तपकिरी डाग का शोधले? न्यूरोफायब्रोमा नावाच्या मज्जातंतूच्या गाठी अशाच मऊ असतात. दाबल्या तर बटणाच्या काजातून बोट आत जावं तशा आत जातात. अशा गाठी ज्या आजारात येतात त्यात अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असतात. वयात आल्यावर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर डॉक्टर त्या दिशेने विचार करतात. आणि कण्यावरून बोट फिरवलं कारण कमरेच्या मध्यावरच्या चरबीच्या गाठीखाली कधी कधी मणक्याचा दोष लपलेला असतो. त्या तीन मिनिटांत तुमच्या मॅडमनी फार चांगली तपासणी केली.

काढावं का? आजार म्हणून काढायची गरज नाही. पण घासून रक्त येतंय, मुलगी पोहणं सोडतेय, एवढी कारणं मला पुरेशी वाटतात.

सातपुडा

आमच्याकडे अशा मसावर बिब्बा लावतात. माझ्या काकांची गेली होती. खर्च शून्य.

त्वचावैद्य

सातपुडा, हात जोडून विनंती, कुणी असं करू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि काही जणांना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी येते की अंगभर पुरळ उठतं. डाग काळा होऊन वर्षानुवर्षं राहतो. दर पावसाळ्यात एक-दोन बिब्ब्याने भाजलेले पाय माझ्यासमोर येतातच. आणि गाठ जळून गेली तर ती काय होती हे पुढे कुणालाही सांगता येत नाही. काकांची 'मस' खरंच मस होती की दुसरं काही, हे आता कुणाला ठाऊक?

सातपुडा

मान्य. आजवर या बाजूने विचारच केला नव्हता.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीत आहे. काचेखाली रोज कातडीचे तुकडे बघते, म्हणून तुकडा बाटलीत पडल्यावर पुढे काय होतं ते लिहिते. ताईंनी तो तरंगणारा तुकडा पाहिला हे वाचून फार बरं वाटलं. चरबी हलकी असते, म्हणून चरबीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, तरंगतो. आमच्याकडे टेबलावर बाटली उघडली आणि कातडीचा तुकडा वर तरंगताना दिसला की तिथेच पहिली शंका येते.

तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये मुरला की त्याला आधी अल्कोहोलच्या, मग झायलिनच्या अंघोळी घालतात आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसवतात. तो मेणाचा ठोकळा म्हणजेच ब्लॉक. त्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात. अल्कोहोल आणि झायलिन यांत चरबी विरघळते, त्यामुळे आम्हाला प्रत्यक्ष चरबी दिसतच नाही. दिसतात तिची रिकामी घरं : पांढऱ्याशुभ्र गोल जागा, भोवती केसासारखी बारीक कड, आणि कडेला चेपलेला छोटासा गडद ठिपका. ते त्या पेशीचं केंद्रक. मधमाशीच्या पोळ्याची रिकामी घरं डोळ्यांसमोर आणा.

अंतस्त्वचेत कोलॅजनची, म्हणजे प्रथिनाच्या चिवट धाग्यांची, गुलाबी वीण असते. या विकारात त्या गुलाबी विणीच्या मधोमध, बारीक रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला, ही पांढरी घरं पुंजक्यांनी बसलेली दिसतात. कधी ती अंतस्त्वचेच्या दहा टक्क्यांहून कमी जागा व्यापतात, कधी निम्म्याहून जास्त. अनेकदा खालच्या चरबीच्या गादीशी त्यांचा सांधा नसतो. रक्तवाहिन्यांना धरून बसलेल्या दिसतात म्हणूनच तिथल्या मूळ पेशींचं चरबीच्या पेशींत रूपांतर होत असावं, असं बऱ्याच जणांचं मत आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अंतस्त्वचेत चरबी दिसली म्हणून निदान झालं, असं होत नाही. जुन्या तिळातही वयोमानाने चरबीच्या पेशी येतात. गोल्ट्झ सिंड्रोम नावाचा जन्मजात विकार आहे, बहुतेक मुलींमध्ये आढळणारा. त्यात कोलॅजनची वीणच झिजते आणि खालची चरबी वर येते. पण तिथे कातडी रेघांनी पातळ झालेली असते, दात आणि हाडांतही दोष असतात. काचेखाली दोन्हीकडे चरबी वर आलेली दिसते, फरक मला रुग्णाकडून कळतो. म्हणून बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर 'कातडीचा तुकडा' एवढंच लिहून आलं की मी हतबल होते. 'आठव्या वर्षापासून, डाव्या कुल्ह्यावर, पट्ट्याने, मऊ' हे सहा-सात शब्द लिहिलेले असले तर निदान सरळ होतं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते रुग्णाने वाचावं आणि अपुरं वाटलं तर डॉक्टरांना विनंती करावी, असं मी ज्याला त्याला सांगते.

जाळलेल्या अकरा दाण्यांबद्दल वाईट वाटलं. कॉटरीने, म्हणजे जाळून, वरचा उंचवटा जातो, खाली अंतस्त्वचेत बसलेली चरबी तशीच राहते. पुन्हा आलं ते त्यामुळेच.

पांथस्थ

एक शंका. माझ्या मेहुण्याच्या पाठीवरच्या गाठीची सुईची तपासणी झाली होती, एफएनएसी. तुकडा न काढता तेवढीच का करत नाहीत? कापाकापी वाचते.

सूक्ष्मदर्शी

चांगला प्रश्न. सुईने चरबीचे थेंब आणि पक्व चरबीच्या पेशींचे पुंजके येतात. त्यावरून 'हे चरबीचं आहे, वाईट पेशी दिसत नाहीत' इतकं सांगता येतं, आणि साध्या लायपोमासाठी अनेकदा ते पुरतं. पण ती चरबी कुठल्या थरातून आली ते सुई सांगत नाही. इथे तर सगळं निदान जागेवर उभं आहे. साध्या गाठीची चरबी, खालच्या गादीतली निरोगी चरबी आणि या विकारातली चरबी, तिन्ही सुईच्या टोकावर सारख्याच दिसतात. म्हणून थर जसेच्या तसे दाखवणारा, खोलीपर्यंत घेतलेला तुकडाच हवा. वरवर खरवडून घेतलेला तुकडाही इथे फसवतो.

लोहाराचा_पोर

धागा वाचून माझी कहाणी लिहितोय. वय ३१. दोन्ही हातांच्या कोपराखाली मिळून नऊ गाठी, वाटाण्यापासून बोराएवढ्या. या दुखतात! टेबलाची कड लागली की कळ मनगटापर्यंत जाते. चार ठिकाणी दाखवलं, 'चरबीच्या गाठी आहेत, दुखायचं कारण नाही' असं उत्तर. एकाने तर मनाची भीती आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. शेवटी एका सर्जननी दोन काढून तपासायला पाठवल्या. ॲन्जिओलायपोमा निघाल्या. कुणी सांगेल का, त्या दुखतात तरी का?

सूक्ष्मदर्शी

तुमचं दुखणं खरं आहे आणि ते काचेखाली दिसतं. ॲन्जिओलायपोमात चरबीच्या जोडीने बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, विशेषतः गाठीच्या कडेला, आणि त्या वाहिन्यांत फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांच्या, छोट्या गुठळ्या अडकलेल्या असतात. त्या गुठळ्या दिसल्या की आम्ही हे नाव लिहितो. तरुण वय, कोपराखालचा हात, एकापेक्षा जास्त लहान गाठी आणि दुखणं हे सगळं पुस्तकातल्यासारखं जुळतंय. या गाठीही निरुपद्रवी असतात. जी जास्त त्रास देते ती काढावी, बाकीच्या सांभाळून राहता येतं.

त्वचावैद्य

यात माझी भर. कातडीतली दुखरी गाठ म्हटली की काही ठरावीक नावं डोक्यात यायलाच हवीत : ॲन्जिओलायपोमा, नखाखालचा ग्लोमस ट्यूमर, मज्जातंतूच्या आवरणाची गाठ, घामाच्या ग्रंथीची एक गाठ, आणि केस उभे करणाऱ्या स्नायूची गाठ, जी थंडीत जास्त दुखते. 'चरबीची गाठ दुखत नाही' हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरं असतं, पण समोर बसलेल्या माणसाची दुखत असेल तर ते त्याला ऐकवून काय उपयोग? त्याची गाठ तपासली पाहिजे.

लोहाराचा_पोर

हे आईला वाचून दाखवलं. तिला वाटायचं मी कामचुकारपणा करतोय. आभार डॉक्टर, दोघांचेही.

अनंतमूळ

मी आयुर्वेदाची पदवीधर, मराठवाड्यात प्रॅक्टिस. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी-अर्बुदांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मेदोज ग्रंथीचं वर्णन असं : स्निग्ध, मोठी, फारशी न दुखणारी, शरीर पुष्ट झालं की वाढणारी आणि कृश झालं की घटणारी, फुटली तर तिच्यातून पेंडीसारखा किंवा तुपासारखा मेद बाहेर पडतो. इतक्या जुन्या काळी कुणीतरी ती गाठ उघडून आत काय आहे ते बघून लिहून ठेवलंय, याचं मला पहिल्या वर्षापासून अप्रूप आहे. पण आज माझ्याकडे अशी गाठ आली की मी लेपाने विरघळवायच्या मागे लागत नाही, तपासणीला पाठवते. निरीक्षणाचा वारसा चालवायचा तर आज तो काचेखालीच चालवावा लागेल.

सूक्ष्मदर्शी

अनंतमूळ, फार आवडलं. 'पेंडीसारखा' हे वर्णन वाचून मला तर एपिडर्मॉइड सिस्ट आठवते, ज्याला लोक चरबीची गाठच म्हणतात. मधोमध काळं छिद्र असतं, दाबलं की उग्र वासाचा दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ येतो. ती चरबी नसते, साचलेलं केराटिन, म्हणजे नखा-केसांतलं प्रथिन असतं. आणि 'कृश झाल्यावर घटते' हे आजच्या लायपोमाला लागू होत नाही. वजन उतरलं तरी लायपोमा तेवढाच राहतो, उलट बारीक माणसात जास्त उठून दिसतो. व्यायाम करून गाठ जाईल म्हणून वर्षभर थांबलेले लोक भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाळाचा_बाबा

घाबरून लिहितोय. वर डॉक्टरांनी मणक्याबद्दल लिहिलंय. आमची मुलगी अडीच महिन्यांची. माकडहाडाच्या वर, अगदी मधोमध, मऊ फुगवटा आहे, त्यावर थोडी लव आणि शेजारी एक खळी. घरचे म्हणतात बाळसं आहे, बसायला लागली की जिरेल.

त्वचावैद्य

बाळाचे बाबा, घाबरू नका, पण जिरायची वाट बघू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि 'मध्यरेषेवर गाठ, खळी आणि लव' हे तिन्ही शब्द सांगा. कमरेच्या मधोमध असलेल्या चरबीच्या गाठीची मुळं कधी कधी मणक्यातून आत, मज्जारज्जूपर्यंत गेलेली असतात. मूल वाढतं तसा अडकलेला मज्जारज्जू ताणला जातो आणि पायांची ताकद, लघवीवरचा ताबा यांवर परिणाम होऊ लागतो. वेळेवर कळलं तर न्यूरोसर्जन पुढचं ठरवतात. तुमच्या बाळाचं वय या बाबतीत सोयीचं आहे : पहिल्या काही महिन्यांत मणक्यांच्या कमानी पूर्ण हाडाच्या झालेल्या नसतात, त्यामुळे साध्या सोनोग्राफीतही आतलं बरंच दिसतं. पुढे एमआरआयच लागतो. आणि तोवर या गाठीत सुई घालू नका, कापू नका, जाळू नका. कुणी 'छोटीशी आहे, काढून टाकू' म्हणालं तरी आधी चित्र हवं.

ताईंच्या मुलीचा पट्टा मध्यरेषा ओलांडत नव्हता, कण्यावर काही नव्हतं, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही. चरबी तीच, पण चार बोटं इकडे-तिकडे झाली की विचार सगळा बदलतो.

बाळाचा_बाबा

उद्याचीच वेळ घेतली.

राइनकाठ

मी गेली अकरा वर्षं जर्मनीतल्या बॉनमध्ये राहतो, म्हणून एक वेगळी माहिती देतो. या विकाराचं पहिलं वर्णन १९२१ मध्ये एरिश हॉफमन आणि एमिल झुरहेल यांनी जर्मन भाषेत केलं. हॉफमन तेव्हा इथल्या विद्यापीठात त्वचारोगांचे प्राध्यापक होते. १९०५ मध्ये बर्लिनला फ्रिट्झ शाउडिन यांच्याबरोबर उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, जंतू शोधणारे ते हेच. लेखाच्या शीर्षकातच 'डाव्या नितंबाच्या भागातील' असे शब्द आहेत. ताई, तुमच्या लेकीची नेमकी तीच जागा! शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एका रुग्णाला असंच उजेडात उभं करून, तुकडा काढून, हे सगळं पहिल्यांदा लिहून ठेवलं.

कृष्णाकाठची

राइनकाठ, हे मी लेकीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाहीये." मला तिकडे तोंड करून डोळे पुसावे लागले.

शिवारफेरी

बाबांचं वय ५८. मानेच्या मागे, शर्टच्या कॉलरच्या रेषेत, लिंबाएवढी गाठ, सहा-सात वर्षं तेवढीच. काढली. रिपोर्टमध्ये 'स्पिंडल सेल लायपोमा' आलं आणि सोबत सीडी३४ पॉझिटिव्ह. 'पॉझिटिव्ह' वाचून घरात रडारड झाली.

सूक्ष्मदर्शी

रडारड थांबवा. इथे 'पॉझिटिव्ह' म्हणजे पेशींनी त्या चाचणीचा रंग घेतला, एवढंच. ही गाठ १९७५ मध्ये एन्झिंगर आणि हार्वी यांनी वेगळी म्हणून नोंदवली. पंचेचाळिशी ते पासष्टीतले पुरुष, मानेची मागची बाजू, खांदे, पाठीचा वरचा भाग ही तिची ठरलेली वस्ती. आत चरबीसोबत लांबट चातीसारख्या पेशी आणि दोरखंडासारखे जाड कोलॅजनचे धागे असतात. कधी कधी चरबी इतकी कमी असते की नवख्या डोळ्याला सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाची, शंका यावी. ती शंका फेडायलाच सीडी३४ची चाचणी केली असणार. गाठ निरुपद्रवी आहे आणि पूर्ण काढली की सहसा परत येत नाही.

पांथस्थ

मग भ्यायचं कधी? सगळ्याच गाठी निरुपद्रवी निघाल्या तर लोक तपासायलाच जाणार नाहीत.

त्वचावैद्य

बरोबर मुद्दा. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, स्नायूच्या आवरणाखाली खोल गेलेली, म्हणजे स्नायू ताठ केल्यावर जागची न हलणारी गाठ, काही आठवड्या-महिन्यांत भराभर वाढणारी, किंवा एकदा काढल्यावर त्याच जागी परत आलेली, यांतलं एक जरी असेल तरी आधी एमआरआय आणि मग सुई किंवा सुरी. मांडीतल्या खोल मोठ्या गाठीबद्दल तर विशेष सांगतो. लायपोसार्कोमा हा चरबीचा कर्करोग दुर्मिळ आहे, पण तोही बराच काळ न दुखता वाढतो. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणं चूक.

सूक्ष्मदर्शी

आणि तिथे नुसत्या नेहमीच्या रंगाच्या काचेवर भागत नाही. साध्या लायपोमासारख्याच दिसणाऱ्या काही खोल गाठींमध्ये एमडीएम२ नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. फिश नावाच्या जनुकांच्या चाचणीत ते दिसतं, आणि मग तो लायपोसार्कोमा असल्याचा संशय बळावतो. वरवरच्या लहान गाठींना ही चाचणी लागत नाही, उगाच खर्च करू नका.

आणखी एक. मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पुढे कधी शंका आली, दुसरं मत घ्यावंसं वाटलं, तर ब्लॉक आणि काचा मागून नेता येतात. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात जो नंबर असतो तो जपा. रिपोर्ट हरवला तरी नंबरावर सगळं सापडतं.

बाळाचा_बाबा

सोनोग्राफी झाली. मज्जारज्जू जरा खाली अडकल्यासारखा दिसतोय असं म्हणाले. मोठ्या शहरात न्यूरोसर्जनकडे पाठवलंय, एमआरआयची तारीख मिळाली. आत्ता पाय छान हलवते, सगळं व्यवस्थित आहे. हा धागा वाचला नसता तर आम्ही अजून बाळसं म्हणूनच बसलो असतो.

पारिजात_०७

बाळासाठी प्रार्थना. इथे कळवत राहा.

कृष्णाकाठची

दोन महिन्यांनी येतेय, उशीर झाला.

काढायचं ठरवलं. निर्णय लेकीचा. सर्जननी सांगितलं, सगळा पट्टा एकदम काढला तर कातडी ताणली जाईल, म्हणून दोन टप्प्यांत करू. पहिला टप्पा झाला. जागा बधिर करूनच केलं, ती पूर्ण वेळ जागी होती आणि सर्जनशी परीक्षेबद्दल बोलत होती. कातडीच्या नैसर्गिक रेषेत डोळ्याच्या आकाराचा लांबट काप घेतला, जुने जळके व्रणही त्यातच गेले. या वेळी चिठ्ठी मी स्वतः वाचली. 'आठव्या वर्षापासून' राहिलं होतं, ते लिहून घेतलं.

रिपोर्टला जाताना लेकीने पॅथॉलॉजीच्या सरांना विचारलं, मला बघता येईल का? त्यांनी खरंच बसवलं तिला मायक्रोस्कोपसमोर. आधी तिला नुसतंच गुलाबी दिसलं, मग त्यांनी काच हलवली. "हे पांढरं काय आहे, सर?" "इथे चरबी होती. आता फक्त तिच्या जागा राहिल्यात." तिने मला बोलावलं. सूक्ष्मदर्शी ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच, रिकामं पोळं. अकरा वर्षं जे झाकून फिरली, ते ती दहा मिनिटं डोळा लावून बघत होती.

निदान तेच, कडा स्वच्छ, म्हणजे कापाच्या कडेला गाठ उरलेली नाही. टाके बाराव्या दिवशी काढले. बसताना अजून उजव्या बाजूला कलते. दुसरा टप्पा दिवाळीच्या सुट्टीत. ब्लॉकचा नंबर तिने तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलाय.